बांधावरचे वीरगळ आणि त्यांची जागा

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ आणि जत या तालुक्यांचे रूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे. कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने माळावर चढवणारी योजना आणि तिच्या जोडीच्या ताकारी व म्हैसाळ योजना यांमुळे, जिथे कुसळाखेरीज काही उगवत नव्हते अशा रानांत आज ऊस, डाळिंब आणि द्राक्षबागा उभ्या आहेत. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली गावे ज्याने पाहिली आहेत, तो या पाण्याला नावे ठेवू शकणार नाही, आणि मीही ठेवत नाही. मात्र पाणी येण्यापूर्वी रान सपाट करावे लागते, वाकडेतिकडे बांध काढून सरळ करावे लागतात आणि ताली मोडाव्या लागतात. पूर्वी हे काम बैल, पहार आणि माणसांची पाठ यांच्या जोरावर चाले, म्हणून ते एका पिढीत पुरे होत नसे. आता जेसीबी ते दोन दिवसांत उरकतो. बैलाने नांगरणारा माणूस मोठ्या दगडाला वळसा घालून पुढे जात असे, यंत्राला मात्र वळसा घालण्याचे कारणच उरत नाही. या दगडांपैकी काही दगड कोरलेले असतात, आणि त्यांच्याविषयीच मला लिहायचे आहे.

झुंजताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरून उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत असे गाव शोधून काढणे कठीण, जिथे एखादा तरी वीरगळ नाही. देवळाच्या आवारात, पारावर, ओढ्याच्या काठी, जुन्या गावठाणात आणि पुष्कळदा नुसत्याच शेताच्या बांधावर ते उभे असतात. वाई तालुक्यातील किकली गावी, चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या परिसरात, भैरवनाथाच्या देवळाभोवती वीरगळांचा जो समूह आहे तो पाहण्यासाठी लोक मुद्दाम वाट वाकडी करून जातात, आणि तो खरोखरच तसा पाहण्याजोगा आहे. पण माझे मन अधिक गुंतते ते एकट्या दगडांत. समूहात आपण एक दगड दुसऱ्याशी ताडून पाहतो, त्यातला अधिक चांगला कोणता ते ठरवतो आणि पुढे सरकतो. बांधावरच्या एकट्या दगडापुढे मात्र थांबावेच लागते.

खानापूर तालुक्यातील एका शिवारात असा एक वीरगळ आहे. गावाचे नाव मी देत नाही, कारण अशा दगडांखाली धन पुरलेले असते या समजुतीने रात्री खणणारी माणसे अजून संपलेली नाहीत. काळ्या, घट्ट बसाल्टची ती शिळा कमरेइतकी उंच आहे आणि तिचा खालचा भाग मातीत गेलेला आहे. वरच्या टोकाशी कलश आहे, त्याच्या एका बाजूस सूर्याचे वर्तुळ आणि दुसऱ्या बाजूस चंद्राची कोर. त्याखाली आडव्या पट्ट्यांनी वेगळी केलेली तीन दालने आहेत. दुपारच्या उन्हात पाहिले तर दगड सपाटच वाटतो. सकाळी ऊन तिरपे येते तेव्हा मात्र आकृती एकेक करून वर येऊ लागतात, आणि तांब्याभर पाणी ओतले की आणखी स्पष्ट होतात. सर्वांत खालच्या दालनात ढाल-तलवार घेतलेला एक पुरुष आहे, समोर दोन माणसे आहेत, आणि त्यांच्या मागे एकावर एक रचल्यासारखी गुरांची तोंडे. कारागिराने गुरांची अंगे कोरलेलीच नाहीत, केवळ शिंगे, कपाळ आणि मुस्कटे दाखवली आहेत. कळप मोठा आहे हे सांगायला त्याला तेवढे पुरेसे वाटले असावे, आणि ते पुरेसे आहेही. शेवटच्या गाईची मान मात्र मागे वळलेली आहे. मी अनेक वीरगळ पाहिले आहेत, पण ही मागे वळून पाहणारी गाय मला दुसरीकडे दिसलेली नाही.

ज्यांच्या बांधावर हा दगड आहे ते आबा आता शेतात फारसे येत नाहीत, पण मी गेलो त्या दिवशी ते बांधावर बसले होते. दगडाविषयी विचारल्यावर ते म्हणाले, "ह्यो रानाचा राखणदार हाय पाव्हणं. आमच्या आज्यानं बी ह्येला असाच बघितलाय. पेरणीच्या आदी नारळ फोडतो आमी, दुसरं काय करत न्हाई." त्यावरचे चित्र कसले, असे विचारले तेव्हा त्यांनी खालच्या दालनावर बोट ठेवून शांतपणे सांगितले, "गुरं न्यायला आलं हुतं कोण तरी. ह्यो आडवा आला." ग्रंथांत वीरगळाच्या या प्रकाराला गोग्रहणाचा वीरगळ म्हणतात. आबांनी ते ग्रंथ पाहिलेले नव्हते. त्यांनी दगड पाहिला होता, आणि गुरे म्हणजे काय असते हे त्यांना ठाऊक होते.

वरच्या दोन दालनांचा अर्थ ठरलेला आहे. मधल्या दालनात मृत वीराला अप्सरा हाताला धरून वर नेत आहेत. सर्वांत वरच्या दालनात तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे, समोर पूजा करणारा पुरोहित आहे. खाली मरण, मध्ये प्रवास आणि वर कैलास, असा हा क्रम तळापासून माथ्याकडे वाचायचा असतो. सूर्य आणि चंद्र हे काळाची ग्वाही देण्यासाठी असतात: ते आकाशात असतील तोवर या माणसाची आठवण राहावी. शेजारी कधी सतीशिळा असते, तीत एका खांबातून कोपरात वाकलेला आणि बांगड्या भरलेला हात बाहेर आलेला असतो. ती पाहताना मन घट्ट करावे लागते, कारण तिथे स्मरण आणि क्रौर्य एकाच दगडात कोरलेले आहे, आणि त्यातले एक बाजूला काढून दुसरे पाहता येत नाही.

आपल्या भागातील बहुतेक वीरगळांवर लेख नाहीत. कर्नाटकात वीराचे नाव, राजाचे नाव, शके आणि दानाचा तपशील देणारे वीरगळ पुष्कळ मिळतात, पण आपल्याकडचा वीर बहुधा अनामिक असतो. शिल्पाची घडण पाहून ते दहाव्या ते चौदाव्या शतकातील, म्हणजे शिलाहार आणि यादव राजवटींच्या आगेमागेचे असावेत असे साधारणपणे मानले जाते. कराड-कोल्हापूरच्या शिलाहारांचे राज्य यादव राजा सिंघण याने इ. स. 1212 च्या सुमारास संपवले, तेव्हा या मुलखात मोठ्या लढाया झाल्याच असतील. तरीही बांधावरचे बहुतेक वीर राजांच्या लढाईत पडलेले दिसत नाहीत. ते गावाची गुरे, गावाची वेस आणि वाटेने जाणारा तांडा राखताना पडलेले दिसतात. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने महाराष्ट्रातील धनगर आणि गवळी समाजांच्या दैवतांमागे आयुष्य वेचले. गुरे-मेंढरे राखताना मेलेला माणूस पुढे पुजला जातो आणि कालांतराने देव होतो, या वाटेचा त्यांनी फार बारकाईने मागोवा घेतला. आरेवाडीला धनगरांच्या बिरोबा या दैवताच्या यात्रेला लोटणारी गर्दी पाहिलेल्या सांगलीच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अशा दगडाला लोक पटकन "पांडवकालीन" म्हणतात, आणि अलीकडे समाजमाध्यमांवर कोणी "प्रागैतिहासिक" असेही लिहून टाकतात. वीरगळ प्रागैतिहासिक नाहीत, आपल्याकडच्या वीरगळांना फार तर हजार-अकराशे वर्षे झाली आहेत. पण मेलेल्या माणसासाठी शेतशिवारात दगड उभा करण्याची रीत त्यांच्याहून पुष्कळ जुनी आहे, आणि तिच्या खुणा महाराष्ट्रातच आहेत. नागपूरच्या परिसरात जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा अशा ठिकाणी मोठाल्या दगडांची वर्तुळे आहेत, त्यांच्या आत मुरूम आणि दगडगोट्यांची भर घातलेली असते आणि त्याखाली दफने असतात. एकट्या जुनापाणीला अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने 1879 साली त्यांच्याविषयी लिहिले, आणि पुढे शां. भा. देव आदी पुरातत्त्वज्ञांनी या भागात उत्खनने केली. काळी-तांबडी मातीची भांडी, लोखंडी हत्यारे, दगडी मणी, आणि माणसाबरोबर पुरलेले घोडे, ज्यांच्या तोंडावर तांब्याचे अलंकार होते, असे बरेच काही त्यांतून मिळाले. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली. ही सारी इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातली माणसे. जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, आणि ते वर्तुळाच्या कोणत्या बाजूच्या दगडांवर आहेत यावरून त्या लोकांच्या दिशांच्या ज्ञानाविषयी अभ्यासकांनी विचार केला आहे. एखाद्याने रस्त्याच्या भरावासाठी त्यातले चार दगड उचलून नेले असते, तर चारच दगड गेले असते, पण दिशांचा सगळा हिशेब त्यांच्याबरोबर गेला असता.

कृष्णेच्या खोऱ्यात विदर्भाइतकी दाट शिळावर्तुळे दिसत नाहीत. इथे जुन्या वस्तीची खूण निराळी असते, आणि ती प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. काळ्या रानाच्या मध्ये राखाडी-पांढुरक्या मातीचा उंचवटा दिसला, त्यात खापऱ्या, हाडांचे तुकडे आणि जळके गोटे असले, म्हणजे ती पांढर. शेकडो वर्षे माणसे एका जागी राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या की माती अशी होते. ती पिकाला मानवते, म्हणून गाड्या भरभरून ती शेतात टाकण्याची पद्धत साऱ्या महाराष्ट्रात होती. तशी ती नेता नेता कितीतरी गावांचा आरंभ शेतांत पसरून गेला. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 पासून बरीच वर्षे उत्खनन केले, तेव्हा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. मेलेल्या लहान मुलांना हे लोक दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसांची डोकी उत्तरेकडे असत आणि पाय घोट्याखाली तोडलेले असत. एका अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण मिळाला, त्यात एक पुरुष मांडी घालून बसवल्यासारखा पुरलेला होता. ही सर्व माहिती कशामुळे मिळाली? रांजण, हाडे, घराची जमीन आणि अंगण ही एकमेकांशेजारी जशीच्या तशी होती, म्हणून मिळाली. तोच रांजण एखाद्या शहराच्या बाजारात विकायला आला असता, तर ते एक जुने मडके ठरले असते, आणि बाळांना घराबाहेर न नेणाऱ्या त्या आयांविषयी आपल्याला काहीच समजले नसते.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. आयर्लंडमध्ये बॉइन नदीच्या वळणावर, सुपीक शेतजमिनीत, न्यूग्रेंज नावाचा एक प्रचंड दफनटेकाड आहे. तो इ. स. पूर्व 3200 च्या सुमाराचा, म्हणजे इनामगावाहूनही दीड हजार वर्षे जुना. 1699 साली तिथल्या जमीनमालकाने रस्त्यासाठी दगड हवेत म्हणून मजुरांना त्या टेकाडावर पाठवले, तेव्हा सर्पिलाकार वेटोळी कोरलेली एक भलीमोठी शिळा आणि तिच्यामागचे आत जाणारे तोंड उघडे पडले. पुढे 1962 ते 1975 या काळात मायकेल ओ'केली यांनी तिथे उत्खनन केले. दाराच्या वर दगडांत ठेवलेली एक खिडकीवजा पोकळी त्यांना सापडली, आणि 21 डिसेंबर 1967 रोजी पहाटे आत बसून त्यांनी पाहिले, की वर्षातील सर्वांत लहान दिवसाचा सूर्य उगवताच त्याचा किरण त्या पोकळीतून शिरतो आणि एकोणीस मीटर लांबीची वाट ओलांडून थेट गाभ्यापर्यंत पोहोचतो. पाच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी तसे योजले होते. त्या मजुरांनी कामाच्या भरात दारावरचे दगडही रस्त्यात टाकले असते, तर वेटोळ्यांची शिळा कुठल्या तरी संग्रहालयात सुखरूप उभी राहिली असती आणि सूर्याची गोष्ट मात्र कोणाला कधी कळली नसती.

म्हणून बांधावरचा वीरगळ उचलून देवळात नेला की तो वाचला, हे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही. तो फुटण्यापासून वाचतो, हे खरे आहे, आणि जिथे यंत्र दारात येऊन उभे आहे तिथे तेवढे तरी व्हावे अशीच माझी इच्छा असेल. गावच्या तरुणांनी ट्रॅक्टर लावून, दोर बांधून, देवळापुढे चौथरा करून असे दगड नीट उभे केलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या कष्टांपुढे मी नतमस्तक आहे. परंतु दगड ज्या जागी होता त्या जागेचीही एक साक्ष असते. गुरे घेऊन कोणी आले ते कोणत्या वाटेने, ते त्या जागेवरून कळू शकते. चार-पाच वीरगळ एका ओळीत, ओढ्याच्या उताराला असतील, तर तिथे जुनी वाट होती का, हे पाहता येते. जवळपास पांढर असेल आणि आज तिथे एकही घर नसेल, तर महसुलाच्या कागदांत बेचिराख म्हणून नोंदलेल्या एखाद्या मौजाचा ठावठिकाणा लागू शकतो. दगडाचे तोंड कोणत्या दिशेला होते, पायाशी चौथऱ्याचे दगड होते का, शेजारी सतीशिळा होती का, या गोष्टी दगड हलवला की त्याच दिवशी संपतात, आणि देवळापुढच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर त्या परत मिळत नाहीत. रंगाचेही तसेच आहे. शेंदूर ही भक्ती आहे, तिला मी काही म्हणणार नाही. पण हिरव्या-पिवळ्या ऑइल पेंटने वीराची मिशी, गाईची शिंगे आणि अप्सरेची साडी रंगवली म्हणजे कारागिराने छिन्नीने राखलेल्या बारीक खोलींत तो रंग भरून बसतो, आणि पुन्हा तो खरवडायला जावे तर दगडच जातो.

शेतकऱ्याच्या मनात एक भीती असते, ती कोणी उघडपणे बोलून दाखवत नाही. दगड दाखवला तर सरकार जमीन घेईल, बांधकाम करू देणार नाही, विहीर काढू देणार नाही, असे त्याने कुठेतरी ऐकलेले असते. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत निर्बंध आहेत, हे खरे आहे. पण ते निर्बंध रीतसर अधिसूचना निघालेल्या स्मारकांसाठी आहेत, आणि बांधावरचा एकटा वीरगळ केवळ दिसला म्हणून तसे स्मारक होत नाही. हे कोणीतरी गावात जाऊन, पारावर बसून, साध्या भाषेत सांगायला हवे. त्या भीतीपोटी रात्रीतून पोकलेनने खड्ड्यात ढकललेले दगड कोणत्याही यादीत येत नाहीत. मुळात शेकडो वर्षे हे दगड राखले ते कोणत्याही खात्याने नव्हे, तर नारळ फोडणाऱ्या आणि नांगर वळवणाऱ्या माणसांनी राखले. आज त्याच माणसाला आरोपीसारखे प्रश्न विचारून त्याचे मन आपण वळवू शकणार नाही.

मला जे सुचते ते फारसे खर्चिक नाही. सातबारा उताऱ्यावर सीमा आणि भूमापन चिन्हे यांसाठी एक जागा असते, आणि बहुतेक उताऱ्यांवर ती कोरीच राहते. आपल्या शिवारातील कितीतरी वीरगळ पिढ्यान्‌पिढ्या दोन शेतांमधली हद्द म्हणूनच ओळखले गेले आहेत, भावकीच्या वाटण्यांत "दगडापासून ओढ्यापर्यंत" असे शब्द आजही ऐकू येतात. त्या कोऱ्या जागेत "कोरीव वीरगळ, पूर्व बांध" एवढी ओळ तलाठ्याने लिहिली, तर जमिनीवरचा हक्क कोणाचा कमी होत नाही आणि दगडाची जागा कागदावर राहते. 2021 पासून शेतकरी स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी करतो आहे. पिकाचा फोटो त्या जागेवर उभे राहूनच काढायचा असतो, आणि गट क्रमांकासह त्याची नोंद होते. ज्या हाताने उसाचा फोटो निघतो, त्याच हाताने बांधावरच्या दगडाचाही निघू शकतो. सकाळच्या तिरप्या उन्हात, समोरून एक आणि दगडाचे तोंड ज्या दिशेला आहे ती दिशा दाखवणारा एक, असे दोन फोटो पुरे आहेत. रान सपाट करायचे असेल तर ते यंत्र बोलावण्याआधी काढावेत, आणि दगड हलवणे टळत नसेल तर तो त्याच गटात, त्याच बांधाच्या शक्य तितक्या जवळच्या टोकाला, पूर्वीच्याच दिशेला तोंड करून उभा करावा. पायाशी निघालेल्या खापऱ्या फेकून न देता पिशवीत भराव्यात आणि त्या कोणत्या गटात, किती खोलीवर निघाल्या याची चिठ्ठी पिशवीत टाकावी. शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकांकडे ती पोहोचवणे कोणालाही अवघड नाही.

आबांच्या शेजारच्या रानात येत्या उन्हाळ्यात सपाटीकरण होणार आहे. त्यांच्या थोरल्या मुलाला मी हे सर्व सांगितले, तेव्हा त्याने आधी विचारले, "दादा, ह्यानं सातबाऱ्यावर बोजा चढणार नाही ना?" बोजा चढत नाही, ही नोंद कर्जाची नाही, असे मी सांगितले. मग त्याने खिशातून मोबाइल काढला, आणि ऊन डोक्यावर आले होते म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ ठरवली.